न घासलेली डोण

आई, तुझा हंडा घासण्याचा आवाज परवापासून कानात बसला आहे. चुलीतली राख, चिंचेचा कोळ, काथ्याची गुंडी आणि तांब्यावर गोल गोल फिरणारा तो खर्र खर्र नाद. पासलीच्या आपल्या घरात मला कोंबड्याने कधी जागं केलं नाही, त्या आवाजानेच केलं. रात्रीचं उरलेलं पाणी तू अळवाच्या वाफ्यात ओतायचीस आणि म्हणायचीस, "शिळं पानी पोटात न्हाई घालायचं, पोरा." आज मी बहात्तर वर्षांचा आहे, भोरला येऊन चाळीस वर्षं झाली, तरी रोज सकाळी माठ रिकामा करतो, घासतो, मगच भरतो. तुझं हे शिकवणं कधी अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

झालं असं. तुझी सून जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून लेक म्हणते, पुण्याला माझ्याकडे चला. मला इथून हलवत नाही. गेल्या महिन्यात ती काचेची टाकी आणि दोन गोल्डफिश घेऊन आली. म्हणाली, "आबा, हे दोन जीव सांभाळून दाखवा, मग एकटं राहायचं की नाही ते बोलू." हसत म्हणाली, पण ती थट्टा नव्हती. मीही कंबर कसली. रोज सकाळी टाकीतलं सगळं पाणी काढायचो, तळातले खडे घासायचो, पाणी गाळणाऱ्या पंपाचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचो. पाणी कसं, तर शाळेच्या पुस्तकातल्या कवितांमध्ये असतं तसं, निर्मळ, आरशासारखं. त्या कविता आजही टाकीपुढे बसून म्हणतो. दहाव्या दिवशी एक मासा पोट वर करून तरंगत होता. दुसरा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दुसरा गेला तर बॅग भरायची हं, आबा."

एसटी स्टँडजवळ माशांचं खाणं विकणारा एक दुकानदार आहे. त्याच्याकडे गेलो. त्याने कपाळाला हात लावला. "काका, रोज टाकी धुता? मग मासा जगणार कसा? माशाच्या घाणीचं पाण्यात विष होतं, डोळ्याला दिसत नाही. ते खाणारे बारीक जीव असतात, ते स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात. त्यांना बसायलाच महिना-दीड महिना लागतो. तुम्ही रोज त्यांनाच नळाखाली धुऊन काढताय. विरजण धुऊन टाकायचं आणि दही का लागत नाही म्हणून विचारायचं, तसं झालं!" मग त्याने सांगितलं, चिमूटभर खाणं दिवसातून एकदाच द्या. पाणी रोज पाव भागच बदला, त्यात नळाच्या पाण्यातलं औषध मारणारे हे थेंब घाला. स्पंज फारच भरला तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळा. एखाद्या जुन्या टाकीतला न धुतलेला खडा किंवा स्पंज मिळाला तर हे जीव लवकर बसतात, पण त्याच्या टाक्यांत सध्या माशांना रोग आहे, म्हणून तो देणार नाही.

आठवडा झाला, तसंच करतो आहे. काचेवर तपकिरी साय धरली आहे. हात शिवशिवतो, आई. समोर घाण दिसते आहे आणि तिला हात लावायचा नाही! मग घाण म्हणायचं तरी कशाला? उरलेला मासा कालपासून खाली उतरला आहे. त्याला बरं वाटतं आहे की तो थकून बुडाला आहे, मला कळत नाही. त्याच्याकडे बघत बसलो आणि एकदम आपली डोण डोळ्यांपुढे आली. गोठ्यापुढची, जनावरं पाणी प्यायची ती दगडी डोण. कडेला हिरवंगार शेवाळ, आत भातखाचरातून आणून सोडलेले बोटभर मासे, डासांची पिल्लं खायला. हंडा दोनदा घासणारी तू त्या डोणीला कधी काथ्या लावायची नाहीस. मग मी दुसरीत आहे. शाळेत झुळझुळत्या पाण्याची कविता पाठ म्हणून दाखवली आहे, तुला खूश करायचं म्हणून मी राख घेऊन डोण घासतो आहे, दगड उजळतो आहे, विहिरीचं ताजं पाणी ओततो आहे. दुसऱ्या दिवशी सगळे मासे पांढरी पोटं वर करून. तू विचारतेस, "कुनी घासली डोन?" आणि मी म्हणतो, "अक्कानं."

काल अक्काला फोन केला. डोण आता तिच्याच गोठ्यापुढे आहे. विचारलं, "अक्का, आईची डोण आठवते का?" ती म्हणाली, "न आठवाय काय झालं? धपाटं माज्या पाठीत बसल्यात." मग मी विषय बदलला. टाकीचं, माशाचं आणि दुकानदार काय म्हणाला तेवढं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिला ठाऊक होतं का गं? मग तेव्हा गप्प का राहिली? आणि तू? तुला कळलं होतं का? हे पत्र कुठं टाकायचं नाही, माझ्या कवितांच्या वहीतच राहील, म्हणून लिहितो. डोण मी घासली होती, आई. पासष्ट वर्षांनी सांगतो आहे, तेही तुलाच, जिला आता धपाटा घालता येत नाही.

फाटक वाजलं. या वेळी कोण? खिडकीतून बघतो तर अक्का. सत्त्याहत्तर वर्षांची ही बाई दोन एसट्या बदलून आली आहे, हातात ओली पिशवी. "आरं, दार उघडतोस, का कविता म्हनत बसलायस? डोनीतला दगूड आनलाय तुज्या माशाला. शेवाळासकट. ह्यो तरी घासू नगंस."

उठतो, आई. हा दगड टाकीत चालेल का, ते दुकानदाराला विचारता येईल. अक्काला आधी काय सांगायचं, ते कोणाला विचारू?