अडचण काही नाही

परभणी,
रविवार, १९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप भागम्माकाकूंना महेश्वरीचा शरणार्थ.

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे थंडीनं धरलेत, पण तुम्ही पाठवलेला हुरडा तिनं शेजारीपाजारी वाटून खाल्ला. काकांना शरणार्थ सांगा. फोनवर तुमचं-माझं जमत नाही आणि मोबाईलवर लिहिलं तर ते काकाच मोठ्यानं वाचतात, म्हणून कागद घेतलाय. हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा.

तुम्ही लिहिलंत की येळवसाच्या अमावस्येला शेतात सगळे कडब्याच्या कोपीपाशी बसून भज्जी-आंबील खात होते आणि शिवकांतदादा बांधावर जाऊन एकटाच बसला. दोन शब्द धड बोलला नाही. 'लेकाचं ऑफिसात काय झालंय का? तू त्याच्यासोबत रोज असतीस.' असते खरी. सांगते. पण आधी आमच्या मीटिंगचं सांगू द्या. त्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही आणि मलाही सांगता येणार नाही.

आमची कंपनी गेल्या वर्षी पुण्याच्या लोकांनी घेतली, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून रोज सकाळी दहाला मीटिंग असते. सगळ्यांनी कॉम्प्युटरसमोर बसायचं, हेडफोन लावायचे आणि पुण्याचे साहेब एकेकाला तीन गोष्टी विचारणार: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. पंधरा मिनिटांची म्हणून सुरू झालेली ही मीटिंग तासभर चालते. काल काय केलं ते सांगण्यात आजचा तास जातो आणि उद्या ते परत सांगायचं. अडचण कुणीच सांगत नाही. योगीराज म्हणतो, अडचण सांगितली की तीच गळ्यात पडते. आमची वैष्णवी चुडाव्याहून रेल्वेनं येते. ती वाटेत आपलं एक इंग्रजी वाक्य पाठ करते आणि नंबर आला की तेवढं म्हणून गप्प बसते. एकदा तीन दिवस एकाच जागी अडकली होती बिचारी, तरी रोज 'अडचण नाही' म्हणत होती. इंग्रजीतून अडचण सांगण्यापेक्षा न सांगणं तिला सोपं वाटलं.

पूर्वी असं नव्हतं. ऑफिसखालच्या टपरीच्या बाकड्यावर चहा घेताना दादा खारीच्या पुड्याच्या कागदावर रेघोट्या मारून शिकवायचा. मी सगळं त्या बाकड्यावर शिकले. आपलं सॉफ्टवेअर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांना नंबर कसा देतं, एखादी गाडी मध्येच नादुरुस्त झाली तर काय करतं, हे त्यानं कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण विचारलं की तोंडानं सांगायचा. आता पुण्याचा हुकूम आला की बाकड्यावरचं बंद, जे काय आहे ते शुक्रवारी कॉलवर सगळ्यांसमोर सांगायचं. याचं नाव ज्ञानाची देवाणघेवाण. आणि तेव्हापासून दादा मुका झाला. मीटिंगमध्ये त्याचं एकच उत्तर. काहीही विचारा, 'चालू आहे सर, अडचण काही नाही.'

मला लय राग यायचा, काकू. वाटायचं, हा मुद्दाम करायलाय. सगळं आपल्या डोक्यात दाबून ठेवायचं म्हणजे आपल्यावाचून कुणाचं पान हलू नये. ऑफिसात सगळेच तसं म्हणायचे. मी त्याची चुलत बहीण म्हणून माझ्यासमोर जरा कमी म्हणायचे, इतकंच.

डिसेंबरात साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं की संध्याकाळी जुना सर्व्हर बंद करतोय, त्याच्यावर आपलं काही चालू आहे का. हे दादालाच ठाऊक होतं. दादा म्हणाला, 'अडचण काही नाही.' संध्याकाळी सर्व्हर बंद झाला आणि कारखान्याच्या गेटवरचे नंबर थांबले. रात्रभर ट्रॅक्टर येत राहिले. सकाळी रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली होती. तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळायला लागला. ऊस वाळला की वजन घटतं, हे तुम्हाला काय सांगायचं. ड्रायव्हर, शेतकरी, सगळे गेटवरच्या क्लार्कला घेरून होते आणि तो आम्हाला फोनवर फोन करत होता. त्याच्या मागून लोकांचा आरडाओरडा ऐकू यायचा.

दादा सर्व्हरच्या खोलीत परत सगळं जुळवत बसला होता. मी तणतणत आत गेले. तो पाठमोरा होता. मी म्हणाले, "दादा, तुला जमत नसंल तर सोडून दे नोकरी. आमच्या जिवावर का उठलास?"

असं मी त्याला जन्मात बोलले नव्हते. तो तसाच टाइप करत राहिला. थोड्या वेळानं, मान न वळवता, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "महे, जरा चहा सांग ना."

आधी वाटलं, मला किंमतच देत नाही. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, मी तिथूनच म्हणाले, "वहिनीचा फोन आलाय." तो हलला नाही. मी परत म्हणाले, मोठ्यानं. खोलीत मशीनच्या पंख्यांचा आवाज होता, पण इतकाही नव्हता. मी पुढं जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं नाही. तोंडाकडं पाहिलं.

काकू, पुढचं वाक्य लिहायचं मी तासभर टाळत होते. मीटिंगचं इतकं लांबवलं ते त्यासाठीच. दादाला ऐकू येत नाही. दोन-अडीच वर्षं झाली. समोर बसून बोललं की ओठांवरून त्याला कळतं, म्हणून बाकड्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही. कॉलवर पुण्याची माणसं कॅमेरा बंद ठेवतात, नुसता आवाज येतो. तो रोज तासभर त्या आवाजासमोर बसायचा आणि हेडफोनमधली पुसट गुणगुण थांबली की आपला नंबर आला समजून ते एक वाक्य म्हणायचा.

मी म्हणाले, सांग सगळ्यांना, यात लपवायचं काय. तर एकदम भडकला. वहिनीलाही त्यानं सांगितलेलं नाही. तिला वाटतं हा तिच्यावर रुसलाय. म्हणाला, बहिरा म्हटलं की लोक माणसाला येडाच धरतात. मग जे म्हणाला ते लिहू की नको असं मला होतंय, पण तुमच्यापासून लपवून आता उपयोग नाही. तुम्ही शाळेत शिकवायच्या तेव्हा पोरं तुमच्यासमोर आवाज न काढता नुसते ओठ हलवायची आणि तुम्ही 'काय म्हणालास बाळा' म्हणत कानाला हात लावून पुढं वाकायच्या. पोरं हसायची. दादा त्याच वर्गात बसलेला असायचा. "आईनं कधी घरी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "मीबी न्हाई सांगितलं. तूबी कुणाला सांगायचं न्हाई. आईला तर न्हाईच."

मी शब्द दिला. त्यानंतर महिनाभर रोज मीटिंगमध्ये जो जे बोलेल ते मी भराभर टाइप करून त्याला पाठवायची. माझा स्वतःचा नंबर आला की मला काय सांगायचं तेच सुचायचं नाही. बोटं दुखायची. योगीराज म्हणायचा, बहीण-भावाची काय खुसुरफुसुर चालते. दादा मला आभाराचा एक शब्द बोलला नाही, उलट एखादं वाक्य सुटलं तर डोळे वटारायचा. चिडून चिडून मी बेजार झाले. त्यात साहेबांनी मला वेगळा फोन केला. म्हणाले, शिवकांत ज्ञान दाबून बसणारा माणूस आहे, असा माणूस टीमच्या डोक्यावर चालत नाही. त्याच्याकडून असंल नसंल ते काढून घ्या, फेब्रुवारीपासून टीम तुम्ही सांभाळा. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "घे की मग." नोकरीची खुर्ची सोडायला तयार, पण एक वाक्य बोलायला तयार नाही. अशा माणसाचं काय करायचं तुम्हीच सांगा.

मग दहा तारखेचा शुक्रवार आला. गेटचा तो प्रोग्राम दादानं सगळ्यांना समजावून सांगायचा, असं पुण्यानं ठरवलं होतं. त्यानं सांगितलं, आणि काकू, काय सुंदर सांगितलं. बाकड्यावरचा दादा परत आल्यासारखं वाटलं. वैष्णवी भराभर लिहून घेत होती. पण मग प्रश्न सुरू झाले, दोघं-तिघं एकदम बोलायला लागले आणि माझं टाइप करणं मागं पडलं. पुण्याहून विचारलं एक, यानं उत्तर दिलं दुसरंच. मग परत तसंच. योगीराज फिसकन हसला. साहेब म्हणाले, "शिवकांत, तुम्ही हे मुद्दाम करताय का?"

आवाज थांबला. दादानं पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "अडचण काही नाही, सर."

सगळे हसले, काकू. पुण्याचे, आमचे, सगळे. तो सगळ्यांच्या तोंडांकडं बघत होता, कशाला हसतायत ते त्याला कळंना. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी माईक सुरू केला आणि म्हणाले, "सर, दादा मुद्दाम करत नाही. त्याला ऐकू येत नाही."

तो माझ्याकडंच बघत होता. दुसऱ्या कुणाचं एक अक्षर त्याला कळलं नव्हतं, माझं सगळं कळलं. त्यानं लॅपटॉप मिटला, हेल्मेट उचललं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. उत्तर का लिहवेना ते आता तुम्हाला समजलं असंल.

झालं ते असं की सोमवारी साहेबांनी हुकूम काढला. सगळ्यांनी कॅमेरे सुरू ठेवायचे, एका वेळी एकानंच बोलायचं आणि दादाला काही विचारायचं तर लिहून विचारायचं. टीम त्याच्याकडंच राहिली. मला म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं. योगीराजनं दादाची माफी मागितली, समोर उभं राहून, हळूहळू. इतकं सोपं होतं सगळं. त्याचाच मला जास्त संताप येतो. त्या उसाची वाट लागली, लोक गेटवर रात्रभर ताटकळले, हा बांधावर बसून राहिला, आणि वर्षभर नडलं ते एवढंच.

दादा मंगळवारपासून ऑफिसात येतो. रोज माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि त्याला जे जे येतं ते एकेक करून शिकवतो. काही हातचं राखत नाही. पण मला 'महे' म्हणत नाही. 'मॅडम' म्हणतो. "मॅडम, हे बघा. मॅडम, समजलं का?" वैष्णवीला वाटतं थट्टा चाललीय. संक्रांतीला तिळगूळ दिला तर त्यानं तो टेबलावर ठेवला आणि पुढचं शिकवायला लागला. मी परवा विचारलं, कानाच्या डॉक्टरकडं जाऊ, मी येते सोबत. तर म्हणाला, "मॅडम, ते कामात येत नाही."

मी शब्द मोडला. त्याच्यासमोर मोडला आणि आता तुम्हाला लिहून दुसऱ्यांदा मोडला. पण त्याची माफी मागावी असं मला वाटत नाही, काकू. लोक त्याला हसत होते आणि तो त्यांच्याकडं बघत होता. तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं?

तुमचं कानाचं मशीन तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, हेही मला काकांनी सांगितलंय. तुम्ही इकडे या. मी एसटी स्टँडवर घ्यायला येते. डॉक्टरकडं तुम्ही दोघं मायलेक एकदम जा. तुम्ही लावलं तर तो लावील, माझं तर तो ऐकणार नाही.

आणि येण्याआधी मला दोन ओळी लिहा. दादाला काय लिहायचं ते नंतर लिहा, आधी मला. त्या वर्गात कुणी एकानं उभं राहून खरं सांगितलं असतं, तर तुम्ही त्या पोराशी पुन्हा बोलला असता का? जे असंल ते खरं लिहा. नाही असलं तरी लिहा.

तुमच्या उत्तराची वाट बघणारी,
शिवकांतदादाची मॅडम झालेली
तुमची
महे