झ्याक म्हणाला तर फाडायचं

अण्णा, तुमची मुलगीही शेवटी अर्जच लिहायला लागली. साहेब तेवढे बदलले. तुमचे साहेब कचेरीत पंख्याखाली बसायचे. माझे कुठे बसतात ते मला दिसतच नाही. कुणी बसमध्ये, कुणी जेवणाच्या सुट्टीत, मोबाईलवर अंगठा सरकवत माझं लिहिलेलं वाचतात आणि पटलं तर वस्तू मागवतात. कुणाचे मसाले, कुणाचे सोलरचे बंब, कुणाच्या शेतातल्या राहायच्या खोल्या, अशा इंटरनेटवर धंदा करणाऱ्यांचा मजकूर मी भोरला आपल्या घरात बसून लिहिते. आई विचारते, "म्हंजी जाहिराती का?" मी हो म्हणून मोकळी होते. तुम्ही एवढ्यावर सोडलं नसतं.

तुमचं ते टेबल मला अजून दिसतं. कचेरीच्या फाटकाबाहेर, चहावाल्याच्या ताडपत्रीला लागून. आलेल्या माणसाला तुम्ही स्टूल देता आणि स्वतः कागदांच्या पत्र्याच्या पेटीवर बसता. माणूस धाडधाड बोलत सुटतो, भावाला शिव्या, तलाठ्याला शिव्या. तुम्ही पेनाचं टोपणसुद्धा काढत नाही. त्याचं संपलं की म्हणता, "आता परत सांगा." पहिल्यांदा माणूस राग सांगतो आणि दुसऱ्यांदा काम सांगतो, हे तुमचं म्हणणं. लिहून झालं की मोठ्याने वाचायचं आणि कागदाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं. तो "व्हय, आसंच झालंय" म्हणाला तर सही घ्यायची, सही येत नसेल तर अंगठा. "लई झ्याक लिवलंय" म्हणाला तर कागद टराटरा फाडायचा, कारण झ्याक म्हणाला म्हणजे त्याला त्यात आपलं काही दिसलं नाही. पेटीपाशी बसून मला हसू यायचं. स्तुती ऐकून कागद फाडणारा माणूस साऱ्या भोरात तुम्ही एकटेच.

माझाही फाडलात. नववीची सुट्टी होती, मीच हट्ट केला म्हणून एका बाईचा घर गळतं म्हणून अर्ज मला लिहायला दिलात. मी त्यात काळेकुट्ट ढग घातले, विजांचा थयथयाट घातला, अनाथ लेकरं घातली. बाईंना नवरा होता, चांगला धडधाकट. बाई पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "काय झ्याक लिवलंय वं पोरीनं!" आणि तुम्ही तो त्यांच्यासमोर फाडलात. "सायबाला तुझं मराठी न्हाई बघायचं. हिचं छप्पर कुठं कुठं गळतंय, ते बघायचंय." मी तरातरा एसटी स्टँडपर्यंत गेले. तुम्ही मागून आलात, समजूत वगैरे घातली नाहीत, खिशातलं तुमचं पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "चल, कौलं मोजायचीत."

एवढं सगळं बघूनही विंझरला मी माती खाल्ली. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी यंदा पहिल्यांदाच तांदूळ व्यापाऱ्याला न देता इंटरनेटवर विकायचं ठरवलं. अध्यक्ष असलेल्या मावशींच्या पुढच्या खोलीत पोत्यांची थप्पी लागली, मागचा टीव्ही दिसेनासा झाला. तांदूळ आपला इंद्रायणी. मी घरबसल्या लिहिलं, सह्याद्रीच्या कुशीतला, दाण्यादाण्यात परंपरा जपणारा, मोकळा आणि सुटसुटीत. मोकळा! जन्मभर ज्या भाताचे गोळे खाऊन मी वाढले, त्याला मी मोकळा म्हटलं, कारण तांदळाच्या इतर सगळ्या पानांवर तसंच लिहिलेलं होतं. वाचून दाखवलं तर बायका एका सुरात म्हणाल्या, "लई झ्याक!" अण्णा, मी खूश झाले. तेव्हाच फाडायला हवं होतं.

पहिल्या पिशव्या पुण्याला गेल्या आणि आठवड्यात तक्रारी आल्या. भाताचा लगदा होतो, फसवणूक आहे, परत घ्या. नव्या ऑर्डरी थांबल्या. गटातल्या दोघी व्यापाऱ्याला फोन लावायला निघाल्या, तो तर हसायलाच टपलेला. एकदा त्याच्या दारात परत गेलं की पुढच्या वर्षी ह्या बायकांनी पुन्हा धाडस केलं नसतं, आणि ते माझ्या एका शब्दामुळे. मी स्कूटर काढली, नसरापूरवरून आत वळले आणि मावशींच्या चुलीपुढे जाऊन बसले. "मोकळा नसतो, हे तुम्हाला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत?" तर मावशी म्हणाल्या, "आमाला वाटलं, लिवलेलं आसंच आसतंय."

मग मी लॅपटॉप उघडलाच नाही. म्हटलं, सांगा. मावशींनी आधी पुण्याच्या समस्त बायकांचा उद्धार केला, त्यांना भात रांधता येत न्हाई, कुकरात धा शिट्ट्या करत्यात. त्यांचं संपल्यावर म्हटलं, "आता परत सांगा." शब्द तोंडातून गेल्यावर कळलं, हे तर तुमचे. मावशींनी भाताचं झाकण काढलं, वास घरभर झाला, आणि त्या सावकाश सांगू लागल्या. "ह्यो भात चिकाटच आसतोय. म्हणून तर ल्हान पोराला बोटानं भरवता येतोय, दात पडलेल्या म्हाताऱ्यालाबी चालतोय. नव्या तांदळाला पानी कमी घालायचं. ज्याला पुलाव करायाचाय त्यानं ह्यो घिऊच ने." मी तसंच लिहिलं, बोली तेवढी जरा विंचरली. पुलाव करायचा असेल तर हा तांदूळ घेऊ नका, हे वाक्य सगळ्यात वर. त्यांची सून हिशेब-फोन सांभाळते, ती घाबरली. "आसं लिवल्यावर कोन घील?" मावशी म्हणाल्या, "ज्याला भात खायाचाय, त्यो."

वाचून दाखवलं. झ्याक कुणीच म्हणालं नाही. एक बाई उलट तोऱ्यात म्हणाली, "ह्ये तर समदं आमीच बोललो. तू काय केलंस गं?" इतकं बरं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही, अण्णा.

मागणी हळूहळू आली, मग चांगलीच आली. एकीने कळवलं की आजारातून उठलेले सासरे कितीतरी दिवसांनी ताट संपवून उठले. विंझरला ते मोठ्याने वाचलं गेलं, दोनदा. परवा गेले तर थप्पी संपली होती आणि मावशी टीव्ही बघत होत्या. मला जेवायला वाढलं, वर तुपाची धार. जेवताना त्यांनी विचारलं, "ह्ये दोनदा सांगाया लावायचं कुठं शिकलीस?" मी पटकन म्हटलं, "पुण्याला कोर्स केला." मावशी म्हणाल्या, "बरं. माजं म्हायेर उत्रोली. भोरला कचेरीभायेर एक मानूस आसंच करायचा. आमच्या आईचं घर गळायचं तवा त्यो पोरीला घिऊन कौलं बघाया आलता. मला वाटलं, तुज्या वळखीचा आसंल."

मी भाताचा घास तोंडात घातला. कॉलेजातही मी सांगायचे, वडील कचेरीत असतात. बाहेर असतात, हे कधी कुणाला सांगितलं नाही. तुमची लाज वाटायची, अण्णा. आज वाटत नाही, पण जीभ अजून जुन्याच वळणाने जाते.

हे पत्र मोठ्याने वाचून झालं. झ्याक वाटलं नाही, तेव्हा ठीक असावं. पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुमच्या पत्र्याच्या पेटीत ठेवते. मावशींनी मला एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं वाटतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, आता परत सांग. तर सांगते. माझे वडील कचेरीबाहेर अर्ज लिहायचे. कौलं बघायला आलेली ती पोरगी मीच.