बिनहाकेची लेकरं

३ एप्रिल १९९३, पुंडलिकनगर, औरंगाबाद

आज काकासाहेबाच्या नव्या घरात पाय ठेवला. लेकानं कंपनीत पाळ्या करकरून दोन खोल्या उभ्या केल्यात, भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास येतो. सूनबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळला. आमची कारभारीण आवडाबाई मात्र घर बघायच्या आधी मोरीत गेली आणि नळाची तोटी सोडून बसली. इथं पाणी दिवसाआड येतं, भर दुपारी. आज पाळी होती. ओंजळभर पिऊन म्हणाली, व्हय, आपल्याच गंगेचं हाय. धरणाच्या नाथसागरातून पाइपानं येतं ते, आणि आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. मी म्हटलं, जन्मभर तू घागर घेऊन तिच्याकडं गेलीस, आता म्हातारपणी ती तुझ्याकडं आलीय, निदान चहाचं तरी विचार. सूनबाई लई हसली.

मला लिहायची खोड आहे. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, तीही दुसरीपर्यंत. मराठी मी पोलीस ॲक्शननंतर किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलो. चुकलंमाकलं माझं मलाच वाचायचंय.

७ एप्रिल

सकाळी मुकुंदवाडीच्या स्टेशनापर्यंत फिरून आलो. परत आलो तर दुपारच्या पाण्यासाठी आतापासूनच गल्लीभर बायका बादल्या, पिपं मांडून बसलेल्या. बरं वाटलं. धरणाचे साहेब लोक सांगायचे, देशाच्या भल्यासाठी गाव द्या. दिलं. ते खोटं बोलत नव्हते, भलं झालंच. ऊस झाला, कारखाने झाले, एवढं शहर पाणी पितं. एकाचं छप्पर उतरल्याशिवाय दुसऱ्याचा मांडव उभा राहत नाही.

आमचं बोरसावंगी त्याच पाण्याखाली आहे. गाव सोडायच्या दिवशी गुरवानं सांगितलं होतं, ज्यानं त्यानं शिवेवर नारळ फोडून आपली गेलेली माणसं नावानं हाका मारून संगं घ्यावीत, न्हाईतर ती मागं बुडतील. मी बापाला हाक मारली, आजीला मारली. आवडा नारळ हातात धरून नुसती उभी राहिली. आमची पहिली पोर नवव्या दिवशी गेली होती. बाराव्याच्या आत गेली म्हणजे बारसं नाही, नाव नाही. अशी तान्ही लेकरं आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. नदीकडच्या बांधावर साऱ्या गावाची होती. नाव नाही त्याला हाक कशी मारायची? देव आले, पितर आले, लेकरं तिथंच राहिली. आवडानं तो नारळ फोडला नाही. नव्या गावातही कैक दिवस तो उशाशी होता.

१५ एप्रिल

आवडाचा मुक्काम मोरीत. पाणी आलं की परातीत घेते आणि कोपर बुडवून बघते, तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. म्हणते, कोमट येतंय. सूनबाई म्हणाली, आत्या, उन्हानं पाइप तापलाय. मी हात घातला. उन्हानं तापलेलं पाणी असं नसतं. अंगाच्या उबेचं होतं. आणि त्याला वास होता, ओवा-वेखंडाच्या धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. सूनबाईला तो आला नाही. मला आला.

२१ एप्रिल

हे कसं लिहावं? आवडाची चोळी पुढून भिजलेली दिसली. सूनबाईला वाटलं नळाचं पाणी उडालं, म्हणून पुसायला गेली आणि हात झटकून मागं सरली. दूध होतं. साठी उलटलेल्या बाईला पान्हा फुटला.

सूनबाई दुपारच्याच एसटीनं कन्नडला माहेरी गेली. काकासाहेबानं डॉक्टर आणला, त्यानं गोळ्या दिल्या. आवडा घाबरलेली नाही. पाणी यायची वेळ झाली की तोंड उजळतं. मला म्हणाली, आवं, पोर भुकेली हाय तुमची. इतकी वर्षं मला वाटायचं, ती विसरली.

२५ एप्रिल

माझ्या मनानं एक तोड काढली. पोरीचं अडकलंय ते नावावाचून. नाव दिलं की सुटेल, आणि आवडाही सुटेल. शेजारच्या मनकर्णाबाईंना बोलावलं. म्हातारी समजूतदार, एका शब्दानं हसली नाही. म्हणाली, बारशाला उशीर झाला म्हणून काय पोर परकी होते? मोरीच्या खुंटीला लुगड्याची झोळी बांधली, बाळाच्या जागी नळाच्या पाण्याचा तांब्या ठेवला. दोघींनी तो झोळीखालून वरून फिरवला, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. आवडानं तांब्याशी तोंड नेऊन नाव ठेवलं. कौसा.

मग ती ताठ उभी राहिली आणि शिवेवर राहिलेली हाक तिनं आज मारली. मोठ्यानं. कौसा, ये गं माय, घरी ये. आम्ही तिघंही रडलो. लई हलकं वाटलं.

२७ एप्रिल

पाणी आलं. पाण्याआधी पाइपात रडणं आलं. एक नव्हे. कितीतरी.

आता कळतंय मला. बांधावर आमची एकटीच होती का? आणि पाइपातलं पाणी काय एकट्या बोरसावंगीचं आहे? बुडालेल्या प्रत्येक गावाचा असा एक बांध होता. ज्यांना जन्मात कुणी हाक मारली नाही, त्यांना कानावर आलेली पहिली हाक आपलीच वाटणार. त्यांचा काय दोष? लेकरंच ती.

पण आवडा दोन दिवसांत शेंगेच्या फोलासारखी झालीय. मी तोटी बंद करायला गेलो तर तिनं मनगट धरलं. भुकेली हायती हो. तिला सांगितलं, तू राहा गं. मला बाकी काही नको, तू राहा.

२९ एप्रिल

तोटी बंद केली. भिंतीला ओल फुटली, आवडा बसते तिथंच, तिच्या छातीच्या उंचीला. प्लंबर म्हणाला, आबा, या भिंतीत पाइपच न्हाई. काकासाहेबानं तिला दवाखान्यात न्यायला उचलायला घेतली. काडीसारखी बाई, लेकाला हलेना. जणू अंगाला ढीगभर लोंबकळतायत—

काकासाहेब बाहेर जाऊन रडला.

१ मे

नाव दिलं की एक गप्प होतं. सहज तोंडातून गेलं, बद्रीनाथ, निज रे — आणि एक आवाज थांबला. आवडानं श्वास घेतला.

मग बसलोच. चतुरा. रामकिसन. भागू. कडूबा. गावातली गेलेली सारी माणसं आठवून आठवून — सोयऱ्यांची, बाजारात भेटलेल्यांची, निजामाच्या वेळच्या पोलीस पाटलाचं — एकदा दिलेलं नाव दुसरं लेकरू घेत नाही, कुणाचंच नसलेलं नावही नाही.

घशाला कोरड. ते पाणी प्यायचं धाडस नाही.

३ मे

नावं सरली.

एकच रडतंय आता. एकच — पण ते सोडत नाही तिला. डोळे खोल गेलेत तिचे. ओठ हलतात, आवाज नाही.

जित्यांची नावं तेवढी राहिलीत. लेकाचं देणार नाही. सुनेचं नाही. मनकर्णाबाईचं कसं देऊ —

माझं आहे की. म्हाताऱ्याला नाव घेऊन काय करायचंय.

बन्सी. निज रे बाळा, बन्सी.

थांबलं.

४ मे

आवडा उठून बसली. पेज प्याली. जगेल.

काकासाहेब पाळीवरून आला. माझ्या समोरून गेला. आईला विचारलं, आबा कुठं गेले? मी बाजेवरच होतो. म्हटलं, अरे इथं — त्यानं बाजेवर पिशवी ठेवली. माझ्या मांडीवर — जड लागली नाही —

ती मोरीतून हाक मारतेय.

आमच्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. अख्ख्या संसारात तिनं घेतलं नाही. कधीकधी वाटायचं, एकदा तरी घ्यावं. आज घेतेय. बन्सी, माझ्या बन्सी. किती गोड —

ओ द्यायला मी तोंड उघडलं, तर माझ्याआधी मोरीतून