संवाद अस्पष्ट होते

११ जानेवारी, शनिवार
आमच्या सिनेमा मंडळाचा वर्षातला पहिला सिनेमा. विनोदी. नेहमीचे पाच जण: मी (संस्थापक), बायको, तिचा धाकटा भाऊ, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि माझ्या चष्म्याच्या दुकानासमोरचा टेलर. सिनेमा बेताचा. हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. तरी भरपूर हसलो. एकदोनदा तर सगळ्यांच्या आधी. विनोदाची जाण असली की असं होतं.
नंतर कॉफी आणि चर्चा. संवाद अस्पष्ट होते, हे माझं मत मांडलं. कुणी खोडून काढलं नाही.

१२ जानेवारी
टीव्हीच्या आवाजावरून वरच्या मजल्यावरचे येऊन गेले. बायको म्हणाली, एकदा कान तपासून घ्या. माझे कान ठणठणीत आहेत. लोकांनीच बोलताना तोंड उघडणं सोडलंय, त्याला मी काय करणार.

१३ जानेवारी
दुकानात एक शिक्षिका आल्या. नंबर निघाला, पण चष्मा नको म्हणाल्या. वय दिसतं म्हणे. मी म्हटलं, बाई, दिसत नसताना दिसतंय असं दाखवण्यात जास्त वय दिसतं. मुकाट्याने फ्रेम निवडली. माझ्या शब्दाला वजन आहे.

२५ जानेवारी, शनिवार
मेहुण्याने परदेशी सिनेमा सुचवला. खाली वाक्यं लिहून येतात तसला. शब्द न् शब्द कळला. काय अभिनय. मंडळाची अभिरुची उंचावते आहे. मी कुणावर काही लादलं नाही. नुसता सहवासाचा परिणाम.
संकल्प: सिनेमावर व्याख्यान द्यायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा परदेशी. एक म्हातारा आणि त्याच्या मेंढ्या. थोर. बायको म्हणते, मेहुणा घोरत होता. मी शेजारीच होतो, मला काही ऐकू आलं नाही. वाढवून सांगायची सवयच आहे तिला. टेलर मध्यंतरात गेला, कुणाचा तरी सूट अर्जंट होता. गाळून गाळून शेवटी खरे रसिकच उरतात.

२२ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंच्या वेटिंग रूममध्ये माझं व्याख्यान. विषय: मौनाची भाषा. लोक मंत्रमुग्ध. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सर्वांत आवडता सिनेमा कोणता. सविस्तर उत्तर दिलं. सगळे खाली मान घालून ऐकत होते.
घरी येताना बायको म्हणाली, त्यांनी खुर्च्या कोण उचलणार असं विचारलं होतं.

८ मार्च, शनिवार
सिनेमाला आम्ही तिघंच. बाकीच्यांना कामं. रसिकाची खरी परीक्षा अशाच सिनेमांत होते.

१० मार्च
टेलरची बायको चष्म्याची दांडी बसवायला आली होती. म्हणाली, कालचा सिनेमा किती हसवतो हो, तुम्ही का नाही आलात? मी दोनदा विचारलं, तिने दोनदा तेच सांगितलं. काल माझी बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. असं मला सांगून गेली होती.
संध्याकाळी विचारलं. ती समोर येऊन बसली, सावकाश बोलली. शनिवारचे सिनेमे तुमच्यासाठी, म्हणाली. तुम्हाला वाचता येतील असे. रविवारी आम्ही आमचे बघतो. दाजींना एकटं वाटू नये, असं म्हणून माझ्या भावानेच ठरवलं. कानांचं काढलं की तुम्ही चिडता.
मी चिडलो.

११ मार्च
मंडळाच्या ग्रुपवर राजीनामा पाठवला. डॉक्टरीणबाईंनी अंगठा पाठवला. चुकून असेल.

१५ मार्च, शनिवार
त्यांनी रविवारी पाहिलेला तोच विनोदी सिनेमा एकट्याने पाहायला गेलो. सिद्ध करायचं होतं. अंदाज घेत घेत एका जागी मोकळेपणाने हसलो. पुढच्या बाई वळून बघायला लागल्या. पडद्यावर हॉस्पिटल होतं, कुणीतरी रडत होतं.
बाहेर येऊन बाकावर बसलो. तिकीट तपासणाऱ्याने काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. तो पाणी घेऊन आला.

१७ मार्च
कान तपासले. बायको बरोबर होती. दोन्ही कानांना मशीन लागेल म्हणाले. मी आधीच जाणार होतो, फक्त दुकानातून सवड मिळत नव्हती.

२२ मार्च, शनिवार
राजीनामा मागे घेतला. (कुणी स्वीकारलाच नव्हता.) मशीन लावून सगळ्यांबरोबर गेलो. सिनेमा आपलाच, खाली वाक्यं नाहीत. सगळं ऐकू आलं. संवाद खरोखरच भिकार होते, म्हणजे मी इतकाही चुकीचा नव्हतो.
मग कॉफी. इतकी वर्षं मी जिच्यात मान डोलवत आलो ती चर्चा आज पहिल्यांदा ऐकली. टेलर गुडघ्याबद्दल सांगत होता. डॉक्टरीणबाई बिघडलेल्या लिफ्टबद्दल. सिनेमाचं कुणी नावही काढलं नाही. बहुधा कधीच काढत नसावेत.
मी दिग्दर्शनावर सुरुवात करणार, तेवढ्यात मेहुण्याने हळूच विचारलं, दाजी, तुमच्या दुकानापाशी गाडी लावायला जागा मिळते का?
मिळते, म्हटलं. मागच्या गल्लीत.
सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. बायकोने तिची बिस्किटं माझ्याकडे सरकवली.