चंद्रीच्या पारडीचं दूध

मी, हौशीराम धर्माजी भोर, वय एकाहत्तर, राहणार येडगाव, तालुका जुन्नर, ऐकू कमी येत असलं तरी डोकं शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहतं घर आणि विहिरीलगतचं पाऊण एकर मुलगा रामनाथ याला. त्याने बायकोची बाजू घेतली नाही. ते तो माझ्याकडूनच शिकला, म्हणून त्याला जास्त बोलत नाही.

२. गोठा, दोन्ही म्हशी आणि गोठ्यामागची वीस गुंठे जमीन सून उज्ज्वला हिला. ती १९९६ पासून घोडेगावला माहेरी आहे. कारण लिहिणं भाग आहे.

आमच्या चंद्री म्हशीच्या दुधाला नऊ फॅट लागायची. तिची पारडी मोठी होऊन व्याली, तेव्हा डेअरीत सहाच लागली. धार उज्ज्वला काढायची. ती साय काढून माहेरी तूप धाडते, असं मी डेअरीच्या रांगेत सगळ्यांदेखत म्हणालो. ती त्याच दुपारी निघून गेली.

पुढे महिनाभर मी स्वतः धार काढली, स्वतः दूध नेलं. फॅट सहाच. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, रेडा कोणाचा आणि त्याच्या आईचं दूध कसं होतं. पारडीच्या वेळी चंद्रीला गावातल्या सावळेरामचा रेडा, जवळचा म्हणून, दाखवलेला. दुधाची फॅट बापाच्या बाजूनेही उतरते, हे मला तेव्हा कळलं. सावळेरामच्या घरी त्याच रेड्याच्या म्हशी आधीच व्यालेल्या होत्या आणि त्यांनाही फॅट कमीच लागत होती. त्या दिवशी रांगेत तो माझ्या मागेच उभा होता आणि काही बोलला नाही.

पारडीच्या आधी चंद्रीला नर रेडकूही झालं होतं. ते दूध पिऊन काय देणार, म्हणून सगळे करतात तसं मीही त्याला आचळाला लागू दिलं नाही. बाराव्या दिवशी मेलं. जगवलं असतं तर नऊ फॅटच्या आईचा रेडा आमच्याच दारी असता.

गेल्या दिवाळीत मी घोडेगावला गेलो. उज्ज्वलाने विचारलं, "मामा, खरं कवा कळलं तुमाला?"

"म्हैन्याभरात."

"मंग धा वर्सं गप का बसला?"

मला लाज वाटत होती, एवढंही मला तिथे बोलता आलं नाही.

३. माझ्या दहाव्याच्या सकाळी कलम दोन डेअरीच्या रांगेपुढे मोठ्याने वाचावं. उज्ज्वलाने म्हशी नाकारल्या तरी वाचावं.

ठिकाण येडगाव, दिनांक ९ मार्च २००६.

हौशीराम धर्माजी भोर (सही)

साक्षीदार:
गेणभाऊ, त्या दिवशी फॅट मोजणारे (सही)
सावळेराम, रांगेत मागे उभा असलेला (सही). सही करताना माझ्या हाताने लिहितो: मला तवाच ठावं व्हतं.