गोफण ऐकायला गेलो

५ जानेवारी, रविवार

सण्णऽऽ — फट्!

गोफण! पडवीत बसल्या बसल्या मान आपोआप वर गेली. किती वर्षांनी ऐकला हा आवाज! हुरड्यात आलेली ज्वारी, मी माळ्यावर उभा, डोक्यावर गोफण गरगर फिरतेय, आणि पलीकडच्या वावरातल्या माळ्यावरून कुशाचा हाकारा — हाऽऽ हुर्र! पाखरांचा थवा एकदम उठायचा. कुशा तेव्हा माझी बायको झाली नव्हती. मी शाळेतल्या कविता माळ्यावरून मोठ्यानं म्हणायचो. पाखरांसाठी नव्हे!

आता त्या वावरात कांदा. कांद्याला पाखरं येत नाहीत.

आवाज स्वयंपाकघरातून आला होता. सूनबाईच्या मोबाईलची कानातली वायर निघाली होती. "आबा, हे गोफणचं गाणं." म्हटलं, गोफण कळली गं, पण मोबाईलमध्ये कशी शिरली? तर गोफण हे बँडचं नाव. चार पोरं गातात म्हणे. आणि त्यांच्या चाहत्यांना म्हणतात गोटे! रुपाली गोटा आहे. माझा गोकुळ, तिचा नवरा, तोही होता. टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात जाताना पिकअपमध्ये हीच गाणी लावायचा. पिकअप उलटून तो गेला, त्याला आता चार वर्षं होतील. एवढं वाजायचं, पण मी कधी नीट ऐकलं नाही. "बारीक कर रे" म्हणायचो.

१८ तारखेला पुण्याच्या मैदानावर कार्यक्रम आहे. रुपालीनं दोन तिकिटं काढलीत. तिच्या मेडिकलच्या दुकानातली मैत्रीण यायची होती, तिचं रद्द झालं. "आबा, तुम्हीच चला ना."

७ जानेवारी

नाही म्हणून सांगितलं. या वयात!

८ जानेवारी

हो म्हणून सांगितलं. काल नाही म्हटल्यावर ती "बरं" म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. आग्रह केला असता तर मी नाहीवर ठाम राहिलो असतो.

१४ जानेवारी, संक्रांत

एक गाणं पाठ करतोय. आमचे फणसे गुरुजी कविता पाठ करून घ्यायचे तसं — टाळीवर, एकेक चरण. चौथीचा सगळा वर्ग एका सुरात डुलायचा, खिडकीचे गज वाजायचे. मला या गाण्याची चाल धरता येत नाही, पण यमक खरं आहे. गोकुळचं हे आवडतं —

बांधावरून हाक मार, ओळखीन मी आवाज
पीक गेलं कापून तरी राखण माझी आज

लिहिणारं पोर विशीतलं. त्याला हे कुठून कळलं?

१७ जानेवारी

ओतूरच्या पेठेत जाऊन शाल, श्रीफळ आणि भगवा फेटा आणला. एवढ्या लांब जायचं, कलावंताचा सत्कार नको करायला? रुपालीनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि पदरानं तोंड दाबलं. "आबा, तिथं स्टेजवर जाता येत नाही." म्हटलं, ते मी बघतो. आजवर गावात एक कीर्तनकार, एक आमदार आणि एक गुरांचा डॉक्टर माझ्या हातच्या नारळाशिवाय गेला नाही!

१९ जानेवारी, रविवार

घसा पार बसलाय. पाय सुजलेत. पण लिहिलं पाहिजे.

काल दुपारी सुदर्शनची क्रूझर दारात आली. हा डिंभ्याचा. धरणात मासे धरतो, उरलेल्या वेळात गाडी चालवतो. आसपासच्या गावांतले सगळे गोटे त्यानंच गोळा केलेत. गाडीत दहाबारा जण, मंचरची एक शिक्षिका, घोडेगावची दोन पोरं, कोण कोण. मला पुढची सीट. "आबा, गोटा नंबर एक!" असा गजर झाला. चाकणपर्यंत गाणी. सुदर्शन एकेकीला हाक मारून पाणी देत होता — "सुनंदाताई, घ्या. मनीषाताई, लिमलेट?" रुपालीकडे बाटली नुसतीच पुढे केली. जाताना, येताना, मैदानावर — सगळ्या ताया, आणि रुपालीला काहीच म्हणत नाही. ताई नाही, वहिनी नाही, नाव तर नाहीच. माझ्या ध्यानात आलं. आम्हीही कुशाला लग्नाआधी काही म्हणत नव्हतो.

फाटकावर पहारेकऱ्यानं पिशवी उघडली. "काका, हे काय?"

"श्रीफळ."

"आत नेता येणार नाही. कोणी फेकून मारला तर?"

"अरे, नारळ फेकून मारणारे आम्ही दिसतो का?"

"तुम्ही गोटे ना?" असं तोच म्हणाला! मागची सगळी रांग हसली. मीही हसलो, पण मनातून खट्टू झालो. नारळ तिथंच टाकून द्यायचा? सुदर्शननं तो माझ्या हातातून घेतला, रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटला आणि रांगेतून खोबरं वाटत सुटला. "घ्या, ओतूरच्या आबांचा प्रसाद! कार्यक्रम निर्विघ्न पार पडू दे!" रंगीत केसांच्या पोरी, कानात बाळ्या घातलेली पोरं — सगळ्यांनी हात पुढे केले. एकीनं तर डोक्याला लावून खाल्लं.

शाल आत नेऊ दिली. नंतर थंडी वाजायला लागल्यावर मीच पांघरली!

आत माणूसच माणूस. बसायला जागाच नाही, उभ्यानंच ऐकायचं. आमच्या गोट्यांनी माझ्याभोवती कडं केलं, धक्का लागू नये म्हणून. दिवे लागले, सण्णऽऽ झालं, आणि सगळ्या मैदानानं उजवा हात डोक्यावर गरगर फिरवला — आणि फट् म्हटल्याबरोबर सोडला! माझाही हात वर गेला. खांदा कुरकुरला, पण गेला. माझ्या तोंडून हाकारा सुटला — हाऽऽ हुर्र! शेजारच्या पोरांनी तो उचलला, त्यांच्या शेजारच्यांनी उचलला. पार स्टेजपर्यंत गेला. गाणारा पोरगा थांबून हसला.

आणि मग ते गाणं. गोकुळचं.

एवढी माणसं, आणि एक शब्द कोणाचा चुकत नव्हता. फणसे गुरुजी पाहिजे होते. मला वाटलं, इथंच कुठंतरी असेल गोकुळ, पाठमोरा, हात वर करून. प्रत्येक पाठमोऱ्या पोराकडे बघत राहिलो. वेडेपणा. पण बघत राहिलो.

रुपाली गात नव्हती. ओठ मिटलेले, डोळे वाहतायत. मी तिच्या कानाशी ओळ म्हटली, वर्गात अडलेल्याला पुढचा शब्द सांगतात तशी. तिनं ती धरली. पुढची तिची तिनं म्हटली. मग मोठ्यानं. शेवटाला ती हात फिरवत, उड्या मारत, हसत गात होती — माझ्या घरात इतकी वर्षं मी तिला असं हसताना पाहिलंच नव्हतं. गोकुळ होता तेव्हासुद्धा नाही.

सुदर्शन स्टेजकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. मला राग आला नाही. यायला हवा होता का?

२० जानेवारी

रुपाली आज भाकरी थापताना मोठ्यानं गात होती. वायरबियर काही नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

तिचा भाऊ दादाभाऊ आला होता आळेफाट्याहून. कुणीतरी कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला त्याला. त्यात रुपाली नाचतेय, सुदर्शन शेजारी.

चहा घेतला नाही. "आबा, लई झालं. चार वर्षं होत आली, आमी गप राहिलो. तरणीताठी बहीण. आता शिरूरचं एक स्थळ हाय. त्याचीबी बायको वारलेली. घेऊन जातो तिला."

म्हटलं, तिला विचारलंस?

"तिला काय विचारायचं? आनि राग नका मानू, पन गोकुळभाऊ गेल्यावर तुमचा तिच्यावर हक्क काय राहतो? नातं तरी कोनतं सांगनार तुमी?"

खरंच, कोणतं सांगणार? मुलगा होता म्हणून ती सून. मुलगा नाही, तर मग? मला मुलगी झालीच नाही. झाली असती, तर आज काय बोलायचं ते कळलं असतं.

रुपाली आतून म्हणाली, "दादा, आबांना असं बोलू नकोस." एवढंच. पण बॅग भरली. जाताना वाकून पाया पडली. मला "जाऊ नको" म्हणता आलं नाही. तिनं दुसरं लग्न करावं असं मलाही वाटतंच. पण असं? न बघितलेल्या माणसाशी, बाजाराला नेल्यासारखं?

२६ जानेवारी

झेंडावंदनाला शाळेत गेलो. पोरांनी कविता म्हटल्या, माइकवर एकेकट्यानं. पूर्वी वर्ग म्हणायचा.

२९ जानेवारी

भाकरी जमत नाही. पिठलं जमतं.

गोकुळचा मोबाईल चार्ज करून गाणं लावायला गेलो, तर सुरूच होत नाही. मग मीच म्हटलं, पडवीत बसून. पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. कुशा होती तोवर माझ्या कवितेची पुढची ओळ ती पलीकडून म्हणायची. नंतर या घरात कोणी ना कोणी काहीतरी पुढचं म्हणत राहिलं — गोकुळ, मग रुपाली. "जेवून घ्या", "बारीक करा", "वारं सुटलंय, आत या". पुढची ओळच ती.

२ फेब्रुवारी, रविवार

रुपालीचा फोन. हळू बोलत होती. शिरूरचे लोक बघून गेले, होकार आलाय. "आबा, मला नाही करायचं तिथं."

विचारलं, मग कुठं करायचंय?

मग म्हणाली, "तुम्हाला दिसलंच असेल की त्या दिवशी."

म्हटलं, दिसलं.

"रागावला नाही ना?"

नाही म्हटलं. मग म्हणालो, बाई, पण मी सांगणारा कोण? तुझे भाऊ मला ओट्यावर तरी घेतील का? मागणी माहेरी जाते, ठरतं तिथं. तिनं फोन ठेवला. काय बोलून बसलो मी! तिला धीर हवा होता, आणि मी रीत सांगितली.

४ फेब्रुवारी

दिवसभर फोन हातात घेऊन बसलो. लावला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारची एसटी गेली आणि दार वाजलं. अनोळखी बाई. उन्हानं रापलेली, नऊवारी, धुळीनं पाय भरलेले. आत येईना. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली —

"मी बायडाबाई. डिंभ्याची. सुदर्शनची आई. आमी गरीब मान्सं हाये, चुकलं तर सांभाळून घ्या. काल आळेफाट्याला गेले व्हते पोरीला मागनी घालाया. तर पोरगी सगळ्यांम्होरं उठून म्हनली, हितं नका मागू. माझा बाप ओतूरला राहतो, त्याला विचारा. म्हून आले."

ओट्यावर बसवलंय. पाणी आणतो म्हणून आत आलोय आणि हे लिहितोय. मुलीच्या बापानं अशा वेळी काय बोलायचं असतं?