आणि-आणि

प्रिय दादा,

जयभीम. फोनवर बोलायला घेतलं की माय कान लावून शेजारीच बसते, म्हणून हे कागदावर लिहून फोटो पाठवतेय. वाचून रागावशील. रागव.

कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची ती कमांड लाइन शिकवायला तू चुलीपाशी बसला होतास, आठवतं? दोन हुकुमांच्या मधलं ते && मला काही केल्या कळेना. तू म्हणालास, ह्याला 'आणि-आणि' म्हण. तवा तापला आणि-आणि भाकर टाक. तवा तापलाच नाही, तर मशीन भाकरीला हात लावणार नाही. मधे अर्धविराम असला, तर मात्र पहिलं फसलं तरी दुसरं होणारच. मी डोकं खाजवत बसले, आणि पीठ मळता मळता माय म्हणाली, "म्हंजी अडवून धरायचं." केवढा हसलास तू!

तेव्हापासून ते तिच्या तोंडी बसलं. नळाला पाणी आलं आणि-आणि धुणं. माझी परीक्षा झाली आणि-आणि शिरूरला मावशीकडे.

उन्हाळ्यात बीडच्या डॉक्टरांनी तिच्या पोटातली गाठ काढायला सांगितली. तू म्हणालास, तारीख पक्की होऊ दे, लगेच रजा टाकतो. बंगळूरहून उगाच दोन खेपा कशाला, हेही खरंच. मग दर फोनला माय तुला सांगायची, डॉक्टर तारीख देत न्हाईत. दादा, डॉक्टर देत होते. हीच घेत नव्हती. "सत्या येईल आणि-आणि आपरेशन. त्याचा हात धरूनच आत जाईन." तुला कळवलं तर गोळ्या बंद करीन, अशी धमकी. मी भांडले, रडले, तुझा तो अर्धविरामसुद्धा समजावून पाहिला. ऐकेल तर ना! तू तारखेसाठी अडलास, ती तुझ्यासाठी. लई हुशार मायलेक तुम्ही. मला दोघांचाही राग येतो.

काल पुन्हा दाखवलं. गाठ पसरलीय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, घरीच ठेवा. मायला हे माहीत नाही. दवाखान्यात न्यायची पिशवी तिने भरून दाराशी ठेवलीय, त्यात तुझ्यासाठी एक चादरपण घातलीय. तू आलास की ती पिशवी उचलेल. तेव्हा तिला काय सांगायचं, ते मला एकटीला सुचत नाही. तारीख आता कधीच मिळणार नाही, दादा. तू नुसता ये.

तुझीच,
पंचशीला